गाळा घ्या, गाळात जाऊ नका : पहिल्या होडीसाठी मरीनातली जागा निवडताना

गाडी घेण्याआधी पार्किंग बघायचं, एवढं शहाणपण पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तरी मी होडी आधी घेतली आणि ती ठेवायची कुठे, हे नंतर शोधायला निघालो. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात बरीच वर्षं नोकरी झाली होती, मुलं हाताशी आली होती, आणि एका जुन्या शिडाच्या होडीवर जीव जडला. मॉडेल कॅटालिना २७. मी मरीनात, म्हणजे होड्या ठेवायला भाड्याने जागा देणाऱ्या बंदरात, फोन करून सांगितलं, "सत्तावीस फुटी होडी आहे." त्यांनी अठ्ठावीस फुटी जागा दिली. मी खूश, वर एक फूट मोकळा!

होडी आणली त्या दिवशी हार्बरमास्टरच्या ऑफिसातला माणूस टेप घेऊन आला. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बाहेर आलेला नांगराचा रोलर धरून, मागे वर उचललेल्या आउटबोर्ड इंजिनापर्यंत त्याने मोजलं. २९ फूट २ इंच. जागा रद्द. होडी तीन आठवडे पाहुण्यांच्या धक्क्यावर, रोजच्या भाड्याने.

तो माणूस चुकला नव्हता, चुकलो मी. त्यानंतर मी दोन जागा बदलल्या, एकदा गाळात बसलो आणि ओळखीच्या चौघापाचांना जागा शोधायला मदत केली. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. उदाहरणं बे एरियातली आहेत, कारण मला तिथलंच पाणी ठाऊक आहे. हिशेब मात्र कुठेही चालेल.

पहिलं काम : होडी घेऊ नका

म्हणजे अजून घेऊ नका. आधी लगीन गाळ्याचं, मग होडीचं. मरीनात होडीला मिळणाऱ्या जागेला तिथे स्लिप म्हणतात. मी तिला गाळा म्हणतो, कारण ती बाजारातल्या गाळ्यासारखीच असते. दोन्ही बाजूंना हद्द, पुढे भिंत, एक बाजू उघडी आणि महिन्याचं भाडं.

मरीना ठरावीक मापांचे गाळे बांधतो. कुठे २४, २८, ३२, ३६ फूट, तर कुठे २६, ३०, ३५, ४०. मधलं माप मिळत नाही. एखाद्या मापाचे गाळे रिकामे असतात, तर दुसऱ्यासाठी प्रतीक्षा यादी असते. सांताक्रूझ हार्बरची यादी तर वर्षानुवर्षं हलत नाही म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणून घरापासून तासाभराच्या अंतरातले तीन-चार मरीना निवडा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "कुठल्या मापाचा गाळा आत्ता मिळेल?" उत्तर बत्तीस आलं, तर तुमची पहिली होडी किती मोठी असू शकते हे तिथेच ठरलं.

विकणारा म्हणेल, "गाळा होडीबरोबरच येतो." हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. बऱ्याच मरीनांत गाळ्याचा करार माणसाच्या नावावर असतो, होडीच्या नाही. होडी विकली की करार संपतो आणि नवा मालक यादीत शेवटी उभा राहतो. मरीनाच्या ऑफिसकडून लेखी उत्तर आल्याशिवाय इसारही देऊ नका.

आणखी एक. होडी बावीस फुटांच्या आत असेल तर गाळा लागतोच असं नाही. अमेरिकेत रस्त्यावरून खास परवान्याशिवाय ८ फूट ६ इंच रुंदीपर्यंतची होडी ट्रेलरवरून नेता येते. बऱ्याच छोट्या मोटारबोटींची रुंदी नेमकी तेवढीच असते, त्यामागे हाच नियम आहे. खाऱ्या पाण्यात बारा महिने ठेवलेल्या होडीला बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग लावावा लागतो, आणि धातू खाल्ला जाऊ नये म्हणून जस्ताचे ठोकळे बदलत राहावे लागतात. महिन्यातून दोनदा पाण्यात जाणार असाल तर कोरड्या आवारात ट्रेलरवर ठेवणं स्वस्त पडतं. या मंडळींनी पुढचं नुसतं गंमत म्हणून वाचलं तरी चालेल.

लांबी : नावातला आकडा विसरा

होडीच्या नावातला आकडा हे कंपनीने दिलेलं नाव आहे, माप नाही. कॅटालिना २७ चं कवच २६ फूट १० इंच, कॅटालिना ३० चं २९ फूट ११ इंच, कॅटालिना २२ चं २१ फूट ६ इंच. इथवर ठीक आहे, आकडे नावाच्या जवळपासच आहेत. खरा घोटाळा कवचाबाहेरच्या गोष्टींमुळे होतो. पुढे नाळेवरचा कठडा आणि नांगर. मागे पोहायला उतरायची फळी, शिडी, वर उचललेलं इंजिन, लटकवलेली डिंगी, म्हणजे छोटी रबरी नाव. मरीना या सगळ्यासकट मोजतो. माझ्या होडीत पुढे ८ इंच आणि मागे १ फूट ८ इंच वाढले. कंपनीचं पत्रक यातलं काहीच सांगत नाही. मोटारबोटींची पत्रकं तर आणखी फसवी. एका पत्रकात पोहायची फळी धरलेली, दुसऱ्यात वगळलेली.

मोजायची पद्धत गवंड्याची आहे. वारा नसताना होडी तरंगत्या धक्क्याला घट्ट बांधा. सर्वांत पुढे आलेल्या टोकावरून ओळंबा सोडा आणि तो जिथे येईल त्याच्या सरळ रेषेत धक्क्यावर खडूने खूण करा. मागच्या टोकाचंही तसंच. मग दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. इंजिन वर उचलूनच मोजा, कारण गाळ्यात ते तसंच राहणार आहे. होडीच्या अंगावरून टेप नेलात तर वळणावळणाने आकडा वाढतो. त्याचा उपयोग नाही.

आता या आकड्याला किती मोठा गाळा? माझं मत असं की खऱ्या एकूण लांबीपेक्षा साधारण एक ते तीन फूट मोठा घ्यावा. २९ फूट २ इंचाला ३० चालतो, ३२ आरामाचा, ३६ म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः. काही मरीना होडीचं टोक फेअरवेत, म्हणजे गाळ्यांच्या दोन रांगांमधल्या पाण्याच्या गल्लीत, फूट-दोन फूट बाहेर आलं तरी चालवून घेतात. काही एक इंचही नाही. हे करारात वाचा. "इथे सगळेच ठेवतात" या तोंडी दिलाशावर विसंबू नका, कारण मॅनेजर बदलला की नियम जागे होतात.

गाळ्याच्या लांबीबरोबर फिंगरची लांबीही बघा. फिंगर म्हणजे दोन गाळ्यांमध्ये बोटासारखी शिरलेली अरुंद चालायची फळी. तीस फुटी म्हणून दिलेल्या गाळ्याची फिंगर पंचवीस-सव्वीस फुटांचीच निघते. मग होडीचा मागचा भाग फिंगरच्या पुढे जातो. मागची दोरी बांधायला क्लीट, म्हणजे दोरीचा खुंट, योग्य जागी सापडत नाही, आणि चढ-उतार डोलकाठीच्या दोरखंडांपाशी कसरत करत करावी लागते. तरुण आहात तोवर हरकत नाही. माझ्या आईला होडीवर चढवताना मला ही चार फुटांची उणीव फार महाग पडली. चार माणसं लागली आणि आई उतरल्यावर म्हणाली, "झालं तेवढं पुरे." पुन्हा आली नाही.

रुंदी : इथे बहुतेक जण विचारतच नाहीत

लांबी सगळे विचारतात, रुंदी कोणी विचारत नाही. एक हिशेब करून बघू. समजा, जुन्या मरीनात तीस फुटी एकेरी गाळा आहे आणि फिंगर ते फिंगर मोकळी रुंदी १२ फूट आहे. कॅटालिना २७ ची रुंदी ८ फूट १० इंच. दोन्ही बाजूंना ८ इंची फेंडर, म्हणजे घासू नये म्हणून लावायच्या फुगीर उशा, लटकवले की झाले १० फूट २ इंच. दोन्हीकडे अकरा-अकरा इंच उरले. नवशिक्याला हे कमीच आहे, पण जमतं.

त्याच गाळ्यात कॅटालिना ३० आणा. लांबी २९ फूट ११ इंच, कागदावर बसते. रुंदी १० फूट १० इंच, अधिक फेंडर, म्हणजे १२ फूट २ इंच. बसतच नाही. नावात तीनचाच फरक, पण एक होडी आत जाते आणि दुसरी दारात अडकते. गेल्या काही दशकांत त्याच लांबीच्या होड्या अधिक रुंद होत गेल्या आहेत. त्यामुळे जुना मरीना आणि नवी होडी ही जोडी जुळवताना टेप सोबत ठेवा.

दुहेरी गाळा हा वेगळा प्रकार. यात दोन होड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात, मध्ये फिंगर नसते आणि प्रत्येकीला आपल्या बाहेरच्या बाजूची फिंगर मिळते. मोकळी रुंदी २४ फूट असली, तुमची ८ फूट १० इंच आणि शेजाऱ्याची ११ फूट असली, तर उरतात ४ फूट २ इंच. दोघांचे फिंगरकडचे फेंडर वजा केले की मध्ये २ फूट १० इंच. वारा शेजाऱ्याकडे ढकलणारा असेल तर हे अंतर बघता बघता संपतं. म्हणून दुहेरी गाळा घेताना शेजाऱ्याच्या होडीचं माप घ्या, आणि जमलं तर शेजाऱ्याचंही. आज तिथे अरुंद शिडाची होडी आहे, उद्या तो रुंद मोटारबोट आणू शकतो का, हे ऑफिसला विचारा. काही मरीना दोन्ही होड्यांच्या रुंदीची बेरीज किती असावी याची मर्यादा ठरवून देतात. तशी लेखी मर्यादा असेल तर निर्धास्त राहा.

दोन कवचांची कॅटमरान घ्यायचा विचार असेल तर नेहमीचा गाळा विसराच. लगून ३८० ही होडी ३७ फूट ११ इंच लांब आणि २१ फूट ५ इंच रुंद आहे. तिला धक्क्याच्या टोकाची आडवी जागा लागते. अशा जागा मोजक्याच असतात आणि भाडंही वेगळ्या दराने लागतं.

खोली : वेंगुर्ल्याच्या काकांचा प्रश्न

मी तीस फुटी गाळा मिळवला, लांबी-रुंदी मोजून घेतली, आणि डिसेंबरात वेंगुर्ल्याहून आलेल्या काकांना दिमाखात दाखवायला नेलं. काकांनी होडीकडे बघितलंही नाही. धक्क्यावरून खाली पाण्यात बघत म्हणाले, "सुकतीक पाणी किती रवता हंयसर?" सुकती म्हणजे ओहोटी.

मला उत्तर देता आलं नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आपणहून मिळालं. दुपारी चार वाजता, होडीवर आठ माणसं, डब्यात बटाटेवडे, इंजिन चालू, दोऱ्या सोडलेल्या, आणि होडी जागची हलेना. कील, म्हणजे शिडाच्या होडीच्या बुडाखाली उतरलेलं जड पातं, चिखलात रुतली होती. गाळा घेतला आणि गाळात बसलो. वडे धक्क्याला बांधलेल्या होडीतच खाल्ले, आणि काका शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, हे जास्त झोंबलं.

कारण असं. नकाशावर लिहिलेली खोली शून्य पातळीपासून मोजलेली असते. अमेरिकेत हे शून्य म्हणजे रोजच्या दोन ओहोटींपैकी जी जास्त खाली जाते, तिची दीर्घकाळाची सरासरी. सरासरी, म्हणजे पाणी तिच्याही खाली जातंच. सॅन फ्रान्सिस्कोत उधाणाच्या दिवसांत ओहोटी शून्याच्या खाली फूट-दीड फूट उतरते. हिवाळ्यात ही खोल सुकती दुपारी येते, वसंतात आणि उन्हाळ्यात पहाटे-सकाळी. उन्हाळ्यात जागा बघायला दुपारी गेलात तर ती तुम्हाला दिसणारच नाही. मी जूनमध्ये दुपारी बघितली होती.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सॅन फ्रान्सिस्कोत तो साधारण आठ फुटांचा. त्यामुळे कोकणी माणसाला हे प्रकरण किरकोळ वाटतं. पण बेचा दक्षिण भाग उथळ आहे आणि तळाशी मऊ चिखल आहे. सॅन होजेच्या उत्तर टोकाला अल्विसो नावाची जुनी वस्ती आहे. तिथला मरीना गाळाने इतका भरला की तिथे होड्या ठेवणं संपलं. आज ते काउंटीचं, म्हणजे जिल्हा प्रशासनाचं, उद्यान आहे आणि धक्क्यांच्या जागी लव्हाळे उभे आहेत. मिलपिटास-सनीव्हेलकरांनी एका रविवारी जाऊन बघावं. खोलीबद्दल मी कितीही लिहिलं तरी ते दृश्य जास्त सांगून जाईल.

खोली स्वतः मोजा. दोरीला शिशाचं वजन बांधा, फुटाफुटावर गाठी मारा. गाळ्याच्या तोंडाशी, मधोमध आणि किनाऱ्याकडच्या टोकाशी अशा तीन ठिकाणी दोरी सोडा. फिंगरला चिकटून नको, कील येईल तिथे. त्याच क्षणी फोनवर नोआ या अमेरिकी सरकारच्या हवामान-सागर संस्थेचं भरतीचं कोष्टक उघडा. समजा, दोरी ९ फूट दाखवते आणि कोष्टकात त्या वेळची पातळी ३.५ आहे. म्हणजे शून्याला पाणी ५.५ फूट, आणि उणे दीडच्या सुकतीला ४ फूट. कॅटालिना २७ ची कील पाण्यात ४ फूट उतरते. माझी फजिती का झाली ते एवढ्या हिशेबात आलं.

माझा नियम आता असा आहे. होडीचा ड्राफ्ट, म्हणजे ती पाण्यात जेवढी खाली उतरते ते माप, अधिक दीड फूट सर्वांत खोल सुकतीसाठी, अधिक किमान एक फूट राखीव. ४ फूट ड्राफ्टला शून्य पातळीवर साडेसहा फूट पाणी. होडी भरलेली असली की थोडी आणखी बसते, आणि दोन वर्षांनी गाळही थोडा चढतो, म्हणून तो राखीव फूट सोडू नका. मऊ चिखलात कील रुतल्याने होडी मोडत नाही, खरं आहे. पण इंजिन थंड ठेवायला आत खेचलं जाणारं पाणी त्या वेळी चिखलाचं असतं आणि पंपाचं पातं निकामी होतं. तो खर्च मी केला आहे.

एकाच मॉडेलला दोन प्रकारच्या कील असू शकतात. कॅटालिना ३० साध्या कीलने ५ फूट ३ इंच उतरते, आखूड कीलने ४ फूट ४ इंच. अकरा इंचांचा हा फरक गाळा ठरवतो. विकणाऱ्याला कुठली कील आहे ते विचारा. कील वर ओढता येणारी कॅटालिना २२ जेमतेम दोन फूट पाणी मागते, उथळ मरीनासाठी ती उत्तम.

फक्त गाळ्याची खोली बघून थांबू नका. तुमच्या गाळ्यात सात फूट पाणी आहे, पण मरीनाच्या तोंडाशी पाच, तर होडी आतच कैद. बर्कलीच्या मरीनाचं तोंड उथळ म्हणून ओळखलं जातं. शेवटचा गाळ कधी उपसला आणि पुढचा उपसा कधी आहे, हे ऑफिसात विचारा. उत्तर देताना माणूस छताकडे बघू लागला तर काय ते समजा.

वारा आणि गल्ली : मापात बसणं वेगळं, आत शिरणं वेगळं

फेअरवेची रुंदी किमान सर्वांत लांब होडीच्या दीडपट असावी, असं मरीना बांधणारे धरतात. वारा किंवा प्रवाह जोराचा असेल तर पावणेदोनपट. तीस फुटी होड्यांच्या रांगेत पंचेचाळीस ते साडेबावन्न फूट. मात्र मोजताना समोरच्या रांगेतल्या बाहेर आलेल्या टोकांपासून मोजा, फिंगरच्या टोकापासून नाही.

आता वारा. एप्रिल ते सप्टेंबर कॅलिफोर्नियाची मधली दरी तापते आणि समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत खेचली जाते. दुपारनंतर पश्चिमेकडून पंधरा ते पंचवीस नॉट (ताशी सागरी मैल) वारा हे तिथलं रोजचं हवामान, वादळ नव्हे. बर्कली थेट त्या झोताच्या समोर येतं. ओकलंड आणि अलामेडा यांच्यामधली खाडी मात्र आडोशाची आहे, पाणी सपाट असतं. नवशिक्याने पहिली दोन वर्षं तिथे काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. मोकळ्या पाण्यावर पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, पण परत येताना हात कापत नाहीत.

एकाच मरीनात एकाच मापाचे दोन गाळे असले तर हे बघा. गाळ्यात शिरताना वारा समोरून आला तर तो ब्रेकचं काम करतो. मागून आला तर होडी धक्क्यावर आदळायची भीती. आडवा आला तर तो तुमच्या फिंगरकडे ढकलतो की शेजाऱ्याकडे, हे महत्त्वाचं. फिंगरकडे ढकलणारा वारा आत येताना मदत करतो, निघताना त्रास देतो. मी तोच पसंत करतो, कारण निघताना नको वाटलं तर न निघण्याचा पर्याय असतो. परत आल्यावर तो नसतो.

आत बसवलेलं इंजिन असेल तर आणखी एक बारकावा. बहुतेक होड्यांचा पंखा पुढे जाताना उजवीकडे फिरतो, आणि रिव्हर्स टाकला की होडीचा मागचा भाग डावीकडे सरकतो. नाळ आत घालून शिरलात आणि थांबायला रिव्हर्स दिला, तर डाव्या हाताची फिंगर तुम्हाला आपोआप जवळ येते. उजव्या हाताची दूर जाते. जुन्या नाविकांना हे अंगवळणी पडलेलं असतं. नवशिक्याने सरळ डाव्या हाताच्या फिंगरचा गाळा मागावा. असाच गाळा का, असं कोणी विचारत नाही.

पैसे

भाडं फुटावर, महिन्याला. होडीची लांबी आणि गाळ्याची लांबी यांतलं जे मोठं, त्यावर आकारणी करायची असा बहुतेक ठिकाणचा रिवाज. समजा, दर फुटाला १५ डॉलर. २९ फूट २ इंचाची होडी ३० फुटी गाळ्यात ४५० डॉलर, ३६ फुटी गाळ्यात ५४०. वर्षाला १,०८० डॉलर फक्त रिकाम्या पाण्याचे. "पुढे मोठी होडी घेऊच" म्हणून आत्ताच मोठा गाळा घेणारे पुष्कळ भेटतात. होडीवाल्यांत दर दोन वर्षांनी दोन फूट मोठी होडी हवीशी वाटण्याच्या रोगाला 'टू-फूट-आयटिस' असं नावच आहे. मोठ्या मापाची यादी फारच लांब असेल तरच हे भाडं भरण्यात अर्थ आहे. एरवी नाही.

भाड्याबाहेरचं विसरू नका. वीज, किल्लीची अनामत, सामानाची पेटी. कॅलिफोर्नियात काउंटी होडीवर दरवर्षी मालमत्ता कर लावते, आणि मरीना सरकारी मालकीचा असेल तर गाळा वापरण्याच्या हक्कावरही वेगळा कर येतो. ही बिलं मरीनाकडून येत नाहीत, थेट काउंटीकडून येतात, म्हणून पहिल्या वर्षी दचकायला होतं. दायित्वाचा विमा जवळजवळ सगळीकडे सक्तीचा, आणि त्यात मरीनाचं नाव जोडून मागतात. होडीवर राहून घरभाडं वाचवण्याचा विचार असेल तर आधीच सांगतो, सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये मरीनाच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा राहत्या होड्यांना देता येत नाहीत. त्याची रांग वेगळीच.

वीज आणि छप्पर

छोट्या गाळ्यांना साधारण ३० अँपिअर, १२० व्होल्टचा खांब असतो, मोठ्यांना ५० अँपिअरचा. तुमच्या होडीचा प्लग कुठला ते बघा आणि खांब होडीच्या कोणत्या टोकाला येतो तेही. सॅक्रामेंटो-सॅन वाकीन डेल्टात छपराचे गाळे बरेच आहेत. उन्हापासून मोटारबोटीला ते छानच, पण पाण्यापासून वरची उंची मोजा, भरतीच्या वेळी. मरीनात कुठेही पोहू नका आणि मुलांनाही पोहू देऊ नका. एखाद्या होडीतून वीज पाण्यात झिरपत असेल तर विशेषतः गोड्या पाण्यात माणूस जागीच लुळा पडून बुडतो.

बे एरियाबाहेरच्यांसाठी दोन शब्द

पूर्व किनाऱ्यावर, चेसापीकसारख्या ठिकाणी, धक्के बऱ्याचदा स्थिर असतात आणि गाळ्याच्या तोंडाशी लाकडी खांब रोवलेले असतात. तिथे रुंदी खांबांमधली मोजायची, कारण तीच सर्वांत कमी असते. शिकागोत हार्बरचा हंगाम मे ते ऑक्टोबर, म्हणजे हिवाळ्यात होडी कुठे ठेवायची याचा वेगळा खर्च. कोचीच्या बोळगाट्टी बेटावरचा मरीना किंवा आखाती देशांतले मरीना बघत असाल तर मापं मीटरमध्ये असतात. १० मीटर म्हणजे ३२ फूट १० इंच. ३३ फुटी होडीवाल्याने "दहा मीटर चालेल" म्हणू नये. मुंबईत गेटवेपाशी होड्या पाण्यातल्या तरंगत्या बोयांना बांधलेल्या दिसतात. तिथे गाळ्याच्या मापाचा प्रश्न येत नाही, डिंगीतून होडीपर्यंत कोरडं पोचायचा येतो.

सही करण्याआधी

त्या गाळ्यावर तीनदा जा. एकदा महिन्यातल्या सर्वांत खोल सुकतीला, मग ती पहाटे पाच वाजता का असेना. एकदा उन्हाळी दुपारी चार वाजता, वारा बघायला. एकदा रविवारी संध्याकाळी, सगळ्या होड्या परतत असताना. शेजारी कसे शिरतात, कुठे चुकतात, कोण कोणाची दोरी पकडायला धावतो, हे तासभर बघत बसा. सोबत टेप, ओळंबा, गाठींची दोरी आणि खडू.

करारात होडीची मोजलेली एकूण लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट हे तिन्ही आकडे लिहून घ्या, "अंदाजे" हा शब्द खोडून. मग होडी आत आणण्याआधी रिकाम्या गाळ्याचे फोटो काढा. फिंगरचे उखडलेले रबर, सैल क्लीट, बाहेर आलेले खिळे, सगळं. तारीख दिसेल असे. ते ऑफिसला त्याच दिवशी मेल करा.